पाण्याचा दिवस

लातूरमध्ये आमच्या गल्लीत नळाला साधारण आठवड्यातून एकदा पाणी येते. ते पहाटे येणार की रात्री साडेअकराला, हे गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मावशींच्या हाकेवरूनच कळते. मांजरा धरण भरलेले असो वा नसो, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या घरांनी पाहिले आहे, त्या घरांतील माणसे नळाला धार लागली की आजही धावत सुटतात. आमचे घर त्यांतलेच. हौद, गच्चीवरची टाकी, दोन ड्रम, रांजण आणि घागरी भरून होईपर्यंत दीड तास जातो, आणि त्या दीड तासात आम्ही एकमेकांना जे बोलत होतो, ते उरलेल्या सहा दिवसांत कधी बोललो नसू.

मागील पावसाळ्यात सातवीतला मुलगा शिकवणीवरून फोन करून विचारू लागला, "आई, आज पाणी आलंय का?" लेकराला घरच्या कामाची काळजी आहे असे वाटून मी कौतुकाने ही गोष्ट शेजारणीलाही सांगितली. तीन-चार वेळा असे झाल्यावर ध्यानात आले की मी "हो" म्हटले, की त्या दिवशी तो अर्धा-पाऊण तास उशिरा येतो. मोटारीचा आवाज थांबेपर्यंत तो गल्लीतल्याच एका मित्राच्या ओट्यावर बसून राहत असे.

मी शिक्षिका आहे. पालकसभेत "मुलांसमोर आवाज चढवू नका" असे मी कितीतरी वर्षे सांगत आले आहे, त्यामुळे ही गोष्ट मला फार लागली.

त्यानंतर काही दिवस मी घराकडे जरा तटस्थपणे पाहिले. यजमानांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे आणि त्यांचा निम्मा व्यवहार उधारीवर चालतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात मात्र त्याहून कमी दर मिळत होता. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हणजे दुकानाची वसुली नाही, आणि वसुली नाही म्हणून पाइप निसटल्यावर मुलावर आरडाओरड, अशी ती साखळी होती. माझा राग शाळेतील ऑनलाइन माहिती भरण्याचा असे आणि तो निघे मुलीवर. मुलगी बारावीला, नीटची तयारी करणारी. ती आजीवर चिडे. सासूबाईंना मधुमेह आहे. त्या कोणावरच चिडत नसत, फक्त न जेवता झोपून जात. रागाने शरीरात उसळणारी अड्रेनलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके भांडण मिटल्याबरोबर ओसरत नाहीत, म्हणून मोटार बंद झाल्यावरही घर बराच वेळ तापलेलेच राहत असे.

पहिला उपाय मी शोधला आणि तो सपशेल फसला. रात्री आठनंतर सर्वांचे फोन फडताळात ठेवायचे, असा नियम मी जाहीर केला. तो नऊ दिवस टिकला, आणि दहाव्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर काही आले असेल या धास्तीने तो मोडणारी मीच होते. मुलीने काही न बोलता माझ्याकडे फक्त पाहिले.

दुसरा उपाय सासूबाईंचा. आमची चार एकर शेती औशाकडे आहे आणि वेळ अमावस्येला आम्ही सारे तिथे जातो. कडब्याच्या खोपीत पूजा होते, आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे सर्वांना एकाच वेळी वाढले जातात. त्याचीच आठवण काढून त्या एके दिवशी म्हणाल्या, "येळवशीला समदे एका पंगतीला बसता, मग रोज सांच्याला काय होतंय?" औषधामुळे त्या साडेसातला जेवत, यजमान दहाला, मुले वाटेल तेव्हा आणि मी सर्वांत शेवटी. सर्वांनी त्यांच्या वेळेला जेवायचे ठरले. यजमान आता सव्वासातला दुकान मुलाजवळ सोपवून येतात आणि जेवून परत जातात (मुलगा म्हणजे दुकानातला कामगार; आमच्याकडे त्याला मुलगाच म्हणतात). तव्यावरची भाकरी ताटात पडत असताना हात पिठाचे किंवा कालवणाचे असतात, त्यामुळे फोनसाठी वेगळा नियम करावा लागला नाही.

यातून मला एक गोष्ट पटली. नवी सवय हवेत टांगता येत नाही, तिला घरातल्या एखाद्या जुन्या क्रमाची खुंटी लागते. जेवण आमच्या घरात होतेच, फक्त ते एका वेळेला आणले. २१ दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगितले जाते, पण त्यावर माझा विश्वास नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला होता. त्यात एखादी कृती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतील फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्या अभ्यासातली मला सर्वांत धीर देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. आम्ही पुष्कळ दिवस चुकलो.

जेवणानंतर चालणे त्याच ओघात आले. सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलेच होते, त्यांच्यासोबत एकाने जायचे म्हणून पाळ्या लावल्या आणि हळूहळू सगळेच निघू लागले. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज बावीस मिनिटे चालले तरी तो हिशेब जमतो. वाटेत मुलगा शाळेतले जे सांगतो, ते त्याने समोरासमोर बसून मला कधीच सांगितले नसते. शेजारून चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, हे कारण असावे.

मुलीच्या झोपेचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. शिकवणीतल्या मैत्रिणी रात्री दोनपर्यंत वाचतात, मग आपण अकराला झोपायचे म्हणजे मागे पडायचे, अशी तिची समजूत होती. लातूर पॅटर्नच्या या गावात ती समजूत एकट्या तिची नाही. तिच्या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, वाचलेले झोपेतच पक्के होते, हे सर्व मी सांगून पाहिले, परिणाम शून्य. शेवटी तिच्या मामाने एवढेच विचारले, "तुझा पेपर दुपारी दोन ते पाच असतो ना? मग तुझा मेंदू रात्री दोनला कशाला जागा करतेस?" तेव्हापासून ती साडेअकराला दिवा मालवते. सात तासच होतात, पण पूर्वीपेक्षा बरे.

यजमानांच्या काळजीवर जेवणाच्या वेळेचा किंवा चालण्याचा इलाज नाही, हे मी स्पष्टच लिहिते. उधारी दीर्घ श्वास घेऊन वसूल होत नाही. आम्ही इतकेच केले की रविवारी सकाळी दोघांनी हिशेबाची वही उघडून बसायचे, आणि इतर दिवशी ताटावर भावाचा विषय काढायचा नाही. काळजी तेवढीच आहे, फक्त तिला वार नेमून दिला आहे. पण कोणाची आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल किंवा "मी नसतो तर बरे" अशी भाषा येत असेल, तर घरगुती उपाय पुरत नाहीत. मराठवाड्यात ही भाषा ऐकून न ऐकल्यासारखे करण्याची किंमत कितीतरी घरांनी मोजली आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवाही १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे. हा क्रमांक आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिला आहे.

त्याच दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला पाण्याच्या कामांची वाटणी आहे. यजमानांकडे मोटार आणि हौद, मुलीकडे ड्रम, मुलाकडे घागरी, माझ्याकडे रांजण. सासूबाई चहा ठेवतात, आणि शेवटची घागर भरल्यावर तो सर्वांनी ओट्यावर बसून घ्यायचा, वेळ कोणतीही असो.

गेल्या आठवड्यात मावशींची हाक पहाटे साडेतीनला आली. मोटार हवा धरून बसली, पाइप निसटला, अंगणात चिखल झाला आणि यजमान मुलावर जोरात ओरडले. मुलगा घागर तिथेच ठेवून आत गेला. पाणी भरून झाले तेव्हा पाच वाजून गेले होते. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे पाच कप आणून ओट्यावर मांडले. यजमान थोडा वेळ त्या पाचव्या कपाकडे पाहत बसले, मग तो उचलून आत गेले. बाहेर यायला त्या दोघांना बराच वेळ लागला, आणि तोवर आमचा चहा संपला होता.