भिंतीच्या एक महिना आधी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींना परवा जवळच्या शाळेने बोलावलं होतं. वय 93. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या बाई, ना पुढारी ना लेखिका. हाताला धरायला म्हणून मी सोबत गेले. नववीच्या मुलांनी त्यांना तासभर सोडलं नाही.

1948 च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा कोळसासुद्धा विमानाने यायचा. टेगेलची धावपट्टी बांधायला हजारो बायका राबल्या, त्यात यांची आई होती. मग 13 ऑगस्ट 1961, रविवार. शहर दुभागणारी बर्लिनची भिंत घालायला त्या दिवशी सुरुवात झाली. बेर्नाउअर रस्त्यावर घरं पूर्वेत आणि फूटपाथ पश्चिमेत. माणसं खिडक्यांतून उड्या टाकत होती. यांची बहीण पलीकडेच राहिली. एका मुलाने विचारलं, "त्या दिवशी घरी काय केलं होतं?" आजी क्षणात म्हणाल्या, "आलुबुखारचा केक. बहीण येणार होती ना."

माझ्या अंगावर काटा आला. तो प्रश्न त्या मुलाला सुचला, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याच रस्त्यावर पाडलेल्या घरांच्या जागा आज जमिनीत पोलादी पट्ट्या बसवून दाखवल्या आहेत. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यावर पुराच्या पाण्याची खूण होती. वाडा पाडला, खूणही गेली.

तरी आपल्याकडे आठवण ठेवत नाहीत, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं 12 जुलै 1961 ला, भिंतीच्या महिनाभर आधी. माझी आजी आजही प्रत्येक गोष्ट "पानशेतच्या आधी" नाहीतर "पानशेतनंतर" अशीच सांगते. फक्त तिला कुठल्या शाळेने बोलावलं नाही.

म्हणून रविवारी व्हिडिओ कॉलवर मीच विचारलं, "आजी, त्या दिवशी स्वयंपाक काय होता गं?"

"भात उतरवला होता. वरणाला फोडणी द्यायची राहिली. तुझ्या काकाला काखेत मारलं आणि धावले. मागे वळून बघितलं तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी."

नातेवाईक म्हणतात, इतक्या लांब राहून आजीसाठी काय करतेस? पुण्यात असते तर दोन तास नुसतं बसून तिचं ऐकलं असतं का, याची मला खात्री नाही. इथून ऐकते आणि रेकॉर्डही करते. पुढच्या रविवारी गोखलेनगर: पूरग्रस्तांच्या वसाहतीत खोली कशी मिळाली, शेजारी कोण होतं, पहिली चूल कुठे मांडली.