तुम्ही विचारलंत म्हणून : जिंकलेला संघ टिकवला का नाही?

मी कॅन्सस सिटीत राहतो आणि इथल्या रॉयल्स या बेसबॉल संघाचे सामने नेमाने पाहतो, हे कळल्यावर मराठी मंडळी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. २०१५ साली हा संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकला आणि २०१८ साली त्याने १६२पैकी १०४ सामने गमावले. तीन वर्षांत इतकी वाताहत होण्यासारखे घडले तरी काय, आणि हाती आलेला विजेता संघ त्यांना टिकवता का आला नाही? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयारच असते : मालक चिक्कू असणार, किंवा यश डोक्यात गेले असणार. या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. माझे उत्तर २०१८पासून सुरू होत नाही, २०१०पासून होते. कारण ज्या कारणांमुळे तो संघ जिंकला, त्याच कारणांमुळे तो मोडला.

२०१० साली रॉयल्सनी ६७ सामने जिंकले आणि ९५ गमावले. १९८५ साली सेंट लुईस कार्डिनल्सना हरवून विजेतेपद मिळवल्यानंतर हा संघ एकदाही प्लेऑफपर्यंत पोहोचला नव्हता. संघात जागतिक दर्जाचा म्हणावा असा एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, होता, झॅक ग्रेंकी, ज्याला २००९ साली अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी रॉयल्सची शाखा) सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार मिळाला होता. पण हरण्याला कंटाळून त्यानेच दुसरीकडे पाठवण्याची मागणी केली आणि डिसेंबर २०१०मध्ये तो मिलवॉकीला गेला. त्याच्या बदल्यात जे तरुण खेळाडू आले, त्यांत लोरेन्झो केन आणि अल्सिडेस एस्कोबार ही दोन नावे होती. त्या हिवाळ्यात या नावांचे इथे कोणाला फारसे अप्रूप नव्हते. पुढे एक संघाचा सेंटर फिल्डर झाला आणि दुसरा शॉर्टस्टॉप, या क्षेत्ररक्षणातल्या दोन कळीच्या जागा, आणि त्या दोघांवाचून पुढचे काहीच घडले नसते.

आता थोडे नियमांविषयी सांगणे भाग आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. आयपीएलमध्ये सर्व संघांच्या खर्चाला सारखीच मर्यादा असते. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूंच्या पगारावर अशी ठाम मर्यादा नाही, आणि संघाच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक टीव्हीच्या हक्कांतून येत असल्यामुळे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचा संघ जे देऊ शकतो, ते कॅन्सस सिटीसारख्या लहान बाजारपेठेतल्या संघाला देता येत नाही. लहान संघाच्या बाजूने असलेले मुख्य नियम दोन. एक म्हणजे ड्राफ्ट : शाळा-कॉलेजांतून येणाऱ्या खेळाडूंची निवड करताना आदल्या वर्षी अधिक हरलेल्या संघाला आधी संधी मिळत असे. दुसरा म्हणजे सहा वर्षांचा ताबा : मेजर लीगमध्ये आलेला तरुण खेळाडू सहा हंगामांची सेवा पूर्ण होईपर्यंत साधारणपणे त्याच संघाचा राहतो, पहिली तीनेक वर्षे अगदी किमान पगारावर. त्यानंतर तो फ्री एजंट होतो, आणि मग जो अधिक पैसे देईल त्याचा.

जून २००६मध्ये जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणीचे प्रमुख, म्हणून आलेल्या डेटन मूर यांनी हे दोन नियम पुरेपूर वापरले. संघ हरत होता, म्हणून २००७च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर माइक मुस्टाकस मिळाला आणि २००८मध्ये तिसऱ्या क्रमांकावर एरिक होस्मर. त्याच काळात व्हेनेझुएलातून साल्वाडोर पेरेझ हा सोळा वर्षांचा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) ६५ हजार डॉलरांत, आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून योर्डानो वेंतुरा हा सडपातळ पण विलक्षण वेगाने चेंडू टाकणारा पिचर २८ हजार डॉलरांत करारबद्ध झाला. जॅरॉड डायसनची निवड तर २००६च्या ड्राफ्टमधल्या पन्नासाव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत झाली होती. २०११च्या आरंभी ‘बेसबॉल अमेरिका’ने देशातल्या शंभर सर्वोत्तम नवोदितांची यादी काढली, तेव्हा तिच्यात एकट्या रॉयल्सचे नऊ जण होते. त्या वर्षी मे महिन्यात होस्मर, जूनमध्ये मुस्टाकस आणि ऑगस्टमध्ये पेरेझ मेजर लीगमध्ये दाखल झाले. २०११च्या मध्यापासून मोजू लागलात, तर सहा वर्षे २०१७च्या हंगामाबरोबर पूर्ण होतात. केनची मुदतही तेव्हाच संपत होती. म्हणजे विजेतेपदाच्या कितीतरी आधी संघ विखुरण्याची तारीख ठरलेली होती, आणि ती मूर यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होती.

ठाऊक होती, म्हणूनच डिसेंबर २०१२मधला सौदा त्यांनी केला असे मी मानतो. नऊ नवोदितांपैकी जे अजून मेजर लीगमध्ये आले नव्हते, त्यांत ज्याच्याकडून सर्वांत मोठ्या अपेक्षा होत्या तो विल मायर्स आणि त्याच्यासोबत जेक ओडोरिझी वगैरे तिघे त्यांनी टँपा बेला दिले आणि जेम्स शील्ड्स व वेड डेव्हिस हे दोन अनुभवी पिचर घेतले. जाणकारांनी या सौद्याला वेडेपणा ठरवले. मायर्स पुढच्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला, तेव्हा टीकेला आणखी धार आली. पण २०१३ साली रॉयल्सनी ८६ सामने जिंकले, २००३नंतर प्रथमच त्यांचे विजय पराभवांहून अधिक झाले, आणि डेव्हिस बुलपेनमध्ये, म्हणजे सामना सुरू झाल्यावर बदली उतरणाऱ्या पिचरांत, गेल्यावर काय करू शकतो हे २०१४मध्ये सगळ्या देशाने पाहिले. ज्याच्याकडे मोजकीच वर्षे आहेत, त्याने पुढच्या दशकातले धन आज खर्च करणे हा अविचार नव्हे. मूर यांनी घेतलेल्या निर्णयांमध्ये हा मला सर्वांत धाडसाचा वाटतो.

२०१४चा संघ ज्या रीतीने खेळला, ती त्या वेळच्या बेसबॉलच्या प्रवाहाविरुद्ध होती. १६२ सामन्यांत त्यांनी फक्त ९५ होम रन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके, मारले. तीसही संघांत इतके कमी कोणाचेच नव्हते. त्याऐवजी चेंडू बॅटला लावायचा, पळायचे, प्रतिपक्षाला घाईत चुका करायला लावायच्या. कॉफमन स्टेडियमचे आउटफिल्ड प्रशस्त आहे, तिथे होम रन कमी होतात आणि पळणाऱ्याला काम पडते. ॲलेक्स गॉर्डन, केन आणि डायसन तिथे असे काही झेल घेत, की प्रतिपक्षाचा चांगला फटकाही वाया जाई. सामना नऊ इनिंगचा, आणि एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी. सहा इनिंगनंतर आघाडी असली की सातवी इनिंग केल्विन हेरेरा, आठवी डेव्हिस, नववी ग्रेग हॉलंड. मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे प्रशिक्षक, नेड योस्ट यांचा हा क्रम ठरलेला असे आणि तो मोडून काढणे जवळजवळ अशक्य होते.

३० सप्टेंबर २०१४च्या रात्रीविषयी मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. २९ वर्षांनंतरचा पहिला प्लेऑफ सामना, ओकलंडविरुद्ध, आणि तोही एकच : हरलात तर हंगाम संपला. सहाव्या इनिंगमध्ये योस्ट यांनी वेंतुराला आणले, जो एरवी सामन्याची सुरुवात करणारा पिचर, आणि ब्रँडन मॉसने त्याला तीन धावांचा होम रन मारला. स्टेडियममध्ये योस्ट यांची हुर्यो उडाली. धावफलक ७-३. समोर जॉन लेस्टरसारखा पिचर. आठव्या इनिंगमध्ये रॉयल्स पळू लागले आणि त्यांनी तीन धावा काढल्या. नवव्या इनिंगमध्ये बदली धावक म्हणून आलेल्या डायसनने तिसरा बेस (एक धाव पूर्ण करायला क्रमाने गाठायच्या चार टप्प्यांपैकी तिसरा) चोरला, म्हणजे पिचर चेंडू टाकू लागताच धाव घेऊन तो गाठला, आणि नोरी आओकीच्या उंच फटक्यावर तो घरी, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, पोहोचला, बरोबरी झाली. बाराव्या इनिंगमध्ये ओकलंडने पुन्हा आघाडी घेतली, होस्मरच्या तिसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याने आणि क्रिस्टियन कोलोनच्या पहिल्या बेसपर्यंतच्या फटक्याने ती पुसली गेली, कोलोनने दुसरा बेस चोरला, आणि त्या रात्री तोवर एकदाही यश न मिळालेल्या पेरेझने ऑफ-स्टंपच्या कितीतरी बाहेरचा म्हणावा असा चेंडू डावीकडे खेचला. ९-८. त्या सामन्यात रॉयल्सनी सात बेस चोरले होते. या शहरातल्या तिशीच्या आतल्या कोणीही तोवर आपला संघ प्लेऑफमध्ये खेळताना पाहिलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीची किंमत कळते.

त्यानंतर एंजल्सविरुद्ध तीन आणि ओरिओल्सविरुद्ध चार सामने सलग जिंकून संघ वर्ल्ड सिरीजमध्ये गेला. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सातव्या सामन्यात, फक्त दोन दिवसांची विश्रांती घेऊन आलेल्या मॅडिसन बमगार्नरने शेवटच्या पाच इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. बरोबरीची धाव घेऊन गॉर्डन तिसऱ्या बेसवर उभा असताना सामना ३-२ असा संपला.

२०१५च्या आरंभी एका नामांकित संख्याशास्त्रीय अंदाजाने रॉयल्सना ७२ विजय दिले होते. त्यांनी ९५ मिळवले. जुलैच्या अखेरीस मूर यांनी सिनसिनाटीकडून जॉनी क्वेटो आणि ओकलंडकडून बेन झोब्रिस्ट यांना आणले, जे दोघेही हंगाम संपताच फ्री एजंट होणार होते, आणि मोबदल्यात पाच तरुण पिचर दिले. तीन महिन्यांच्या सेवेसाठी पाच पिचर! पण क्वेटोने ह्यूस्टनविरुद्धचा निर्णायक सामना जिंकून दिला आणि वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात नऊच्या नऊ इनिंग टाकून न्यूयॉर्कच्या मेट्स संघाला फक्त दोन हिट (बेस गाठून देणारे फटके) दिल्या. ह्यूस्टनविरुद्धच्या त्या मालिकेतला चौथा सामना तर हातातून गेलेलाच होता. आठव्या इनिंगच्या सुरुवातीला ६-२ अशी पिछाडी होती आणि तिथून ९-६ असा विजय मिळाला. वर्ल्ड सिरीजच्या न्यूयॉर्कमधल्या पाचव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, मेट्सच्या तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने चेंडू पहिल्या बेसकडे फेकताच होस्मर तिसऱ्यावरून घराकडे सुटला. सरळ फेक आली असती तर तो बाद होता. फेक भरकटली, बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये ७-२. ३ नोव्हेंबरच्या मिरवणुकीला सुमारे आठ लाख लोक आल्याचा अंदाज वर्तवला गेला. शहराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्या आत होती. शाळांना सुट्ट्या होत्या. युनियन स्टेशनसमोरच्या त्या गर्दीत मीही होतो, आणि इतके अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारताना मी अमेरिकेत त्यापूर्वी पाहिले नव्हते.

मग मोडतोड का झाली? चिक्कूपणामुळे नाही. गॉर्डनला जानेवारी २०१६मध्ये चार वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलर दिले गेले, जो तोवरचा संघाचा सर्वांत मोठा करार होता, आणि २०१७मधला पगाराचा एकूण खर्च संघाच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक होता. खरी उणीव ड्राफ्टमध्ये आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. २०११ साली पाचव्या क्रमांकावर जवळच्याच गार्डनर गावच्या बुबा स्टार्लिंगला ७५ लाख डॉलर देऊन घेतले. तो मेजर लीगमध्ये पोहोचला जुलै २०१९मध्ये. २०१२च्या पाचव्या क्रमांकावरचा पिचर काइल झिमर दुखापतींतून सावरत तिथे आला, तोही २०१९मध्येच. म्हणजे २०१५-१६मध्ये होस्मर-मुस्टाकसच्या मागे जी दुसरी फळी उभी राहायला हवी होती, ती काही दुखापतींत, काही अपेक्षाभंगात आणि काही क्वेटो-झोब्रिस्टच्या मोबदल्यात संपली होती.

२०१६मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव. २२ जानेवारी २०१७ रोजी वेंतुरा डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता. त्याचे जाणे संघबांधणीच्या हिशेबात मांडणे मला जमत नाही आणि मांडूही नये.

२०१७च्या जुलैअखेर मूर यांच्यापुढे प्रश्न होता : मुदत संपत आलेले खेळाडू विकून तरुण घ्यावेत, की त्यांना एकत्र ठेवून शेवटचा प्रयत्न करावा? संघ सलग नऊ सामने जिंकून शर्यतीत आला होता. त्यांनी कोणालाही विकले नाही, हंगाम ८०-८२ असा संपला, होस्मर सॅन डिएगोला आणि केन मिलवॉकीला गेला. हा निर्णय हिशेबाने चुकीचा ठरला, तरी माझे मन मूर यांच्या बाजूने आहे. ज्या मुलांनी या शहराला २०१४ आणि २०१५ दिले, त्यांना एकत्र खेळून निरोप घेता आला.

२०१८मध्ये १०४ पराभव झाले, २०१९मध्ये १०३. त्या दोन वर्षांत व्हिट मेरिफिल्ड दोन्ही हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक हिट मारत होता आणि होर्हे सोलेरने ४८ होम रन मारून संघाचा विक्रम केला, म्हणून मैदानावर जावेसे वाटे. २०१९च्या अखेरीस योस्ट ७४६ विजयांसह निवृत्त झाले. रॉयल्सच्या कोणत्याही मॅनेजरपेक्षा हे अधिक आहेत. होस्मर आणि केन गेल्याची भरपाई म्हणून मिळालेल्या निवडींतून २०१८च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सन कोवार आणि डॅनियल लिंच हे दोन पिचर आले. आणि जून २०१९मध्ये, १०४ पराभवांमुळे वाट्याला आलेल्या दुसऱ्या क्रमांकावर, टेक्सासमधल्या बॉबी विट ज्युनियर या शाळकरी शॉर्टस्टॉपची निवड झाली. पहिला क्रमांक बाल्टिमोरला मिळाला होता, कारण त्यांनी ११५ सामने गमावले होते.