गव्याचे नाक आणि माझे तेल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलात रात्री पाणवठ्यावर येणाऱ्या गव्यांचे आवाज मुद्रित करण्याचे काम मला मिळाले, तेव्हा माझी सारी तयारी यंत्रांची होती. डासांचा विचार मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी केला आणि तोही चुकीच्या बाजूने. ध्वनिमुद्रकाची अडचण शिकाऱ्यासारखीच असते. तासन्‌तास एका जागी निश्चल बसायचे, अंगाखालची फळी करकरू द्यायची नाही आणि कानाशी गुणगुणणारा डास मारायचा तर नाहीच, कारण ती चापट माइकमध्ये बंदुकीच्या बारासारखी उतरते. संस्थानाच्या काळात हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ साली इथे अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला. मचाणावर बसण्याचे नियम मात्र तेच राहिले.

बाजारातले डीटचे, म्हणजे डास पळवणाऱ्या रसायनाचे, मलम मी मुद्दाम टाळले होते. डासांवर ते उत्तम चालते, पण प्लॅस्टिक आणि रेक्झिन खाते. माझ्या एका जुन्या हेडफोनच्या गाद्या त्याने गुळासारख्या चिकट झाल्या होत्या. म्हणून कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून सिट्रोनेला या वासाच्या गवताचे आणि कडुनिंबाचे तेल आणले. नुसते सिट्रोनेला कातडीला झोंबते, तेव्हा घरच्या खोबरेलात मिसळले, आणि असावे म्हणून वरून आणखी थोडे ओतले. बाटली उघडली की खोलीभर वास सुटत होता आणि मला त्याचे समाधान वाटत होते.

वनखात्याच्या परवानगीने माझ्याबरोबर आलेले वाटाडे मामा शेजारच्या वाडीतले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, नाक मुरडले आणि म्हणाले, "साहेब, डास पळतील वो, पर गवा बी पळंल न्हवं!" मी हसण्यावारी नेले.

बसायची जागा मीच निवडली होती. वारा हा माइकचा वैरी असल्यामुळे पाणवठ्याच्या पश्चिमेचे, दाट जांभळींमधले, पान न हलणारे मचाण मला आवडले होते. दहाएक दिवसांपूर्वी वळीव झाला होता, याकडे माझे लक्षच नव्हते. दिवेलागणीला पहिला डास आला आणि अर्ध्या तासात त्यांची रीघ लागली. मी काळा, अंगाला घट्ट बसणारा शर्ट घातला होता. कोपरांवर आणि खांद्यांवर, जिथे कापड ताणलेले होते, तिथे ते कापडातूनच चावत होते. तेलाचा पहिला हात तासाभरात घामाबरोबर उतरला, मी दुसरा लावला, मग तिसरा. ही तेले उडून जातात, आणि उडत असतात तेव्हाच काम करतात. त्यांच्या वासाला डास जितका वेळ बिचकतो, तितका वेळ तो वास रानातही पसरत असतो.

दहाच्या सुमारास पाठीमागून पश्चिमेचा वारा सुटला. डास एकदम कमी झाले आणि मला हायसे वाटले. त्याच वेळी समोर फांद्या मोडल्याचा आवाज आला. चांदण्यात आधी गुडघ्यांखालचे पांढरे पाय दिसले, मग काळे अंग. पाच-सहा माद्या, एक वासरू आणि मागे एक प्रचंड नर. पुढची मादी पाण्यापासून दहा पावलांवर थांबली, तिने मुस्कट वर केले, मोठ्याने फुरफुरली आणि पुढच्या क्षणी सारा कळप उतारावरून धडधडत खाली गेला. माझ्याकडे त्या रात्रीचे एकच मुद्रण आहे: एक फुरफुर आणि खुरांचा आवाज. मामा काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

सकाळी खाली उतरताना मचाणाच्या झाडाला खांद्याच्या उंचीवर एक ढोली दिसली. बॅटरी मारली तर आत चहाच्या रंगाचे पाणी होते आणि उजेड पडताच त्यात डासांच्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या. वळिवाच्या पाण्यावर आमच्या नाकाखालीच त्यांची पैदास झाली होती. त्या पाण्यात काही ओतण्याचा विचार करता येत नव्हता, कारण अशाच ढोल्यांवर बेडूक आणि पाखरेही जगतात. शेण्यांची धुरी करण्याचाही प्रश्न नव्हता. मे महिन्यात वाळक्या पानांवर पडलेली एक ठिणगी वणव्याला पुरते.

मामांनी बिडीची राख चिमटीतून सोडून वाऱ्याचा रोख पाहिला आणि, "आमचा आज्जा हाकाऱ्याला जायचा. मचाणावरची मानसं अंगाला काय लावायची न्हाईत. तुमी बी लावू नगासा, वारं तोंडावर घेऊन बसा," असे सांगितले. ते ऐकताना लक्षात आले की डास आणि गवा दोघेही मला वाऱ्यावरूनच शोधत होते. डासाची मादी आपल्या उच्छ्वासाच्या, मग घामाच्या आणि उबेच्या मागावर येते. हवा साचलेली असली की तो माग अखंड राहतो, वारा असला की तुटतो, शिवाय तिला धड उडताही येत नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही पूर्वेच्या उघड्या कातळावरच्या लपणात बसलो. दुपारी ओढ्यात साबणाशिवाय अंघोळ केली, फिकट खाकी रंगाचे ढगळ, पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, विजारीचे पाय मोज्यात खोचले आणि टोपीवरून मच्छरदाणीचा तुकडा गळ्यापर्यंत सोडला. मामांनी निर्गुडीचे डहाळे चुरडून घोंगडीत ठेवले. तो वास त्या रानाचाच आहे, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते खरे काम वाऱ्याने केले, पण घोंगडीला छान वास येत होता. माइक मात्र केसाळ कव्हर चढवून, लांब वायरीने, पाण्याकाठच्या दगडांच्या आडोशाला ठेवला.

गवे मध्यरात्रीनंतर आले. बारा मिनिटे ते पाणी पीत होते: लांब घोट, मध्येच निःश्वास, ओल्या मुस्कटावरून थेंब पडल्याचा आवाज, आणि माइकच्या अगदी जवळून गेलेल्या एका डासाची बारीक गुणगुण, जी मी संपादनात तशीच ठेवली आहे. बाराव्या मिनिटाला लपणाच्या बाजूने एक 'फट' ऐकू येते आणि गवे निघून जातात. मामा म्हणतात, ती चापट माझीच होती.