तपासणी की उपचार?

विमा कंपनीच्या पहिल्या नकारपत्रात कामाचे असे एकच वाक्य होते: रुग्णास केवळ तपासणीसाठी दाखल करण्यात येत असल्याने कॅशलेस सुविधा मंजूर करता येत नाही. मिरजेच्या एका रुग्णालयातील विम्याच्या खिडकीपाशी मी ते उभ्यानेच वाचले. शेजारच्या बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पाठीच्या कण्यातून चाळीस मिलिलिटर पाणी काढायचे होते. या गोष्टीला सात महिने झाले आणि आई आता बरी आहे, तरी ‘केवळ’ हा शब्द आठवला की माझे डोके अजून तापते.

आईचे वय ७४. सांगलीत आमराईमध्ये रोज सकाळी फेऱ्या मारणारी ती, वर्ष-दीड वर्षात पाय फरफटू लागली. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे उचलतच नसे आणि मागे वळायचे तर सात-आठ लहान पावले टाकावी लागत. आम्ही त्याचा दोष गुडघ्यांना दिला. नंतर लघवीची घाई सुरू झाली, ती साखरेच्या खात्यावर गेली. विसरभोळेपणा आला, तो वयाच्या. अशा रीतीने एका आजाराचे तीन आजार आणि तीन डॉक्टर झाले. चौथ्या डॉक्टरांनी, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञांनी, तिला दारापासून खुर्चीपर्यंत येताना पाहिले आणि तिन्ही तक्रारींचा एकत्र विचार करून एमआरआय करायला सांगितला.

त्यांनी समजावलेले येथे सांगतो, कारण पुढचे सगळे भांडण त्यावरच आहे. मेंदूवर तीन आवरणे असतात: बाहेरचे जाड आणि चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे आणि आतले मेंदूच्या प्रत्येक घडीला बिलगलेले तलम. मधल्या आणि आतल्या आवरणांमध्ये पाणी खेळत असते. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे झुबके असतात, त्यांतून ते दिवसाला साधारण अर्धा लिटर पाझरते. मात्र एका वेळी मेंदू आणि कणा मिळून सुमारे दीडशे मिलिलिटरच असते, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा ते सगळे बदलले जाते. जुने पाणी मुख्यतः माथ्याखालून जाणाऱ्या मोठ्या नीलेत शोषले जाते. हा निचरा मंदावला की पोकळ्या फुगतात. आईच्या फुगल्या होत्या. गंमत अशी की या आजारात सुई घालून दाब मोजला तर तो बहुधा ठीकच निघतो, म्हणून त्याला ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’, डॉक्टरांच्या भाषेत एनपीएच, म्हणतात. कोलंबियातील सालोमोन हाकिम यांनी १९६५ मध्ये अमेरिकी सहकाऱ्यांसह त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

अडचण अशी की वयामुळे मेंदू आक्रसला तरी या पोकळ्या मोठ्या दिसतात, त्यामुळे एकट्या एमआरआयवर निर्णय होत नाही. म्हणून कमरेच्या मणक्यांमधून, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, सुई घालून तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढतात आणि रुग्णाची चाल सुधारते का ते पाहतात. सुधारली तर मेंदूतील पाणी पोटात सोडणारी कायमची नळी, म्हणजे शंट, बसवण्यात अर्थ आहे. मग ही तपासणी की उपचार? पाणी काढल्यावर रुग्ण काही तास किंवा दिवस खरोखरच बरा चालतो. मला तर ती दोन्ही वाटते. विम्याच्या अर्जात मात्र ‘दोन्ही’ला जागा नाही.

त्या अर्जात प्रस्तावित उपचारासाठी पाच चौकटी असतात: औषधोपचार, शस्त्रक्रिया, अतिदक्षता, तपासणी आणि इतर उपचारपद्धती. खिडकीवरच्या मुलीने ‘तपासणी’वर खूण केली होती. तिची चूक होती असेही म्हणता येत नाही. पण पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींमध्ये ‘मुख्यतः तपासणी व मूल्यमापनासाठी दाखल होणे’ ही बाब असल्याने, ती खूण पाहून समोरच्याने पुढचे पान उलटलेही नसावे. मला हे चौथ्या दिवशी कळले, कारण अर्जाची प्रत मला कोणी दिली नव्हती आणि मीही मागितली नव्हती. भरलेल्या अर्जाची झेरॉक्स पहिल्याच दिवशी मागून घ्यावी.

कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. आमच्या कंपनीने त्यातून पळवाट काढली होती: निर्णय द्यायचाच नाही, शंका विचारायची. नकारानंतर पुन्हा अर्ज केला, तर आजार नेमका कधी सुरू झाला असे विचारले. उत्तर दिल्यावर गुडघ्यांच्या जुन्या उपचारांचे कागद मागितले. ते शोधायला मी सांगलीला घरी आलो, कपाट पालथे घातले आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिले, तर मधुमेहाचे कागद हवेत असे उत्तर आले. फोनवर प्रत्येक वेळी नवा आवाज असे आणि प्रत्येकाला पाठीतले पाणी मेंदूचे कसे, हे पहिल्यापासून सांगावे लागे.

या सगळ्यात खरी टांगणी वेगळीच होती. हृदयासाठी आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. सुई घालण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सात दिवस बंद केली होती, कारण कण्यात रक्तस्राव झाला तर तो गंभीर ठरू शकतो. आता मंजुरी लांबत होती आणि गोळीही बंद होती. बाकावर बसून आई म्हणाली, “अरे, माझ्या पाठीतलं पाणी काढायला त्यांची परवानगी कशाला लागते?” मी तिला गप्प बस म्हणालो, याची मला आजही लाज वाटते. सुई घालण्याचा दिवस मंजुरीच्या भरवशावर ठरवू नये आणि गोळी तर मुळीच स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मी डॉक्टरांना ‘उपचार’ असे लिहून द्या म्हणालो. त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि तेव्हा मला रागही आला. त्यांनी जे लिहिले ते मात्र पुढे कामी आले: शस्त्रक्रियेचा निर्णय या प्रक्रियेच्या परिणामावर अवलंबून असून ती त्याच आजाराच्या उपचाराचा आवश्यक भाग आहे. या पत्रावरही कंपनी हलली नाही. शेवटी फोनवरच्या कुणा एका भल्या बाईने सहज सांगितले की शस्त्रक्रिया झाली तर दाखल होण्यापूर्वीच्या तीस दिवसांतील त्याच आजाराचा खर्च आमच्या पॉलिसीत मिळतो. नऊ दिवसांत हे एकही माणूस बोलला नव्हता! मी त्याच दुपारी पैसे भरले.

पाणी काढण्याआधी फिजिओथेरपिस्टने आईला दहा मीटर चालवले: ३८ पावले, ३२ सेकंद. तीन तासांनी फारसा फरक नव्हता आणि माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच अंतर २५ पावलांत, १९ सेकंदांत झाले. म्हणून एकाच मोजणीवर निराश होऊ नये, आणि आधीची व नंतरची चाल मोबाइलवर चित्रित करून ठेवावी. दाव्यासोबत मी ते आकडे आणि दोन्ही चित्रफिती जोडल्या.

शस्त्रक्रिया एकोणिसाव्या दिवशी झाली. तिची मंजुरी चाळीस मिनिटांत आली, कारण खूण ‘शस्त्रक्रिया’च्या चौकटीत होती. पाठीतल्या पाण्याचा दावा दोनदा परत आला. मी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिले. महिनाभरात समाधान झाले नसते तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी ठेवली होती. तक्रारीनंतर सव्विसाव्या दिवशी पैसे जमा झाले, नोंदणी शुल्क आणि हातमोजे वजा करून.

एक राहिले. आईच्या कानामागे त्वचेखाली शंटची जी झडप बसवली आहे, तिचा दाब डॉक्टर बाहेरून चुंबकाने कमीजास्त करतात. अशा काही झडपांची मांडणी एमआरआयमध्ये बदलू शकते, म्हणून त्या तपासणीआधी शंट असल्याचे सांगावे लागते आणि नंतर झडप तपासून घ्यावी लागते. झडपेचे कार्ड आईने स्वतःच्या बटव्यात ठेवले आहे. विम्याचे कार्ड मात्र ती माझ्याकडेच देते.