शर्यतीचा ग्रेहाऊंड सांभाळताना : आयर्लंडमधला माझा अनुभव

आयर्लंडमध्ये शर्यतीचा कुत्रा विकत घ्यायला गेलात तर पाय, छाती, मांड्या नंतर बघा, आधी कान बघा. आयरिश ग्रेहाऊंडच्या दोन्ही कानांच्या आत अक्षरं गोंदलेली असतात. ती अक्षरं, मायक्रोचिपचा नंबर आणि ओळखपत्र ही तिन्ही एकमेकांशी जुळली तरच भावाचं बोलायचं. ओळखपत्रावर रंग, अंगावरचे पांढरे ठिपके आणि नखांचे रंगसुद्धा लिहिलेले असतात. एखादं नख काळं की पांढरं हे मी प्रत्येक वेळी ताडून बघतो. विकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही, उलट समोरच्याला काहीतरी कळतं एवढं त्याच्या लक्षात येतं.

इथं दोन दारं आहेत, आणि नवख्याची गल्लत हमखास होते. वंशावळीची नोंद आणि मालकी बदल हे काम आयरिश कोर्सिंग क्लबचं. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था क्लॉनमेलला आहे. ट्रॅक, परवाने, शर्यती आणि तपासण्या हे सगळं 'ग्रेहाऊंड रेसिंग आयर्लंड'कडे. १९५८ च्या कायद्यानं 'बोर्ड ना गोन' नावाचं मंडळ स्थापन झालं, त्याचंच हे आजचं रूप. मालकी तुमच्या नावावर चढल्याशिवाय कुत्रा तुमच्या नावानं पळत नाही. त्यामुळे पैसे देताना विकणाऱ्याची सही झालेले कागद हातात घ्यायचे, 'पाठवतो नंतर' यावर थांबायचं नाही. याशिवाय कोणत्याही कुत्र्याला लागतो तो सरकारी परवाना वेगळा.

पिल्लू घ्यावं की तयार कुत्रा? पहिला कुत्रा पळालेलाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चार महिन्यांचं पिल्लू स्वस्त दिसतं, पण पंधरा-सोळा महिन्यांचं होईपर्यंत ते शर्यतीत उतरत नाही. तोवर त्याला मोकळं कुरण, जोडीला दुसरी पिल्लं आणि चांगलं खाणं लागतं. गावातल्या घरामागच्या अंगणात वाढवलेलं पिल्लू वळणावर कधीच नीट पळत नाही, कारण वेगात अंग सांभाळायला ते शिकलेलंच नसतं. याउलट दोन वर्षांच्या, दहा-पंधरा शर्यती पळालेल्या कुत्र्याचा सगळा इतिहास छापील मिळतो.

तो इतिहास वाचताना नुसती शेवटची वेळ बघू नका. आयर्लंडमधलं नेहमीचं अंतर ५२५ यार्ड, म्हणजे ४८० मीटर. तीस सेकंदांच्या आत येणारा कुत्रा कामाचा, एकोणतीसच्या आत येणारा चांगला. पण ट्रॅक वाळूचा असतो. पाऊस किंवा पाणी मारल्यावर तो जड होतो किंवा घट्ट बसतो, आणि त्याप्रमाणे वेळेत अधिक-उणे करून 'अंदाजे वेळ' काढतात. तुलना करायची ती त्या वेळेशी. त्याहून बोलका असतो पहिला टप्पा, म्हणजे सुटल्यापासून विजयरेषा पहिल्यांदा ओलांडेपर्यंतचा वेळ. सहा कुत्र्यांत जो पहिल्या वळणाला पुढे असतो, त्याला धक्के बसत नाहीत. सुटायला मंद पण शेवटी जोरात येणारा कुत्रा बघायला छान वाटतो, पण दर दुसऱ्या शर्यतीत गर्दीत अडकतो. शेरे वाचताना 'धक्का बसला' वारंवार दिसलं तर नशिबाला दोष देऊ नका. बहुतेकदा तो कुत्रा आतल्या ट्रॅपमधून, म्हणजे शर्यत सुटते त्या पेटीतून, सुटून बाहेरच्या अंगाला ओढला जाणारा असतो.

एकट्यानं खर्च झेपत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून सिंडिकेट नोंदवता येतं. त्यात आधीच लिहून ठेवावं : खर्च कोण कधी देणार, कुत्र्याला कायमची दुखापत झाली तर निर्णय कोणाचा, आणि निवृत्त झाल्यावर तो कोणाच्या घरी जाणार. बक्षिसातून खर्च निघेल हा हिशोब मात्र मांडूच नका. खालच्या ग्रेडच्या शर्यतीचं बक्षीस पशुवैद्याच्या एका फेरीत जातं.

आता खाणं. नरांचं वजन साधारण ६५ ते ७५ पौंड, माद्यांचं ५५ ते ६५. साधारण ७० पौंडांच्या, म्हणजे ३२ किलोच्या पळत्या कुत्र्याला दिवसाला २००० ते २२०० किलोकॅलरी लागतात. माझं माप असं : ३५० ग्रॅम चांगल्या प्रतीचं कोरडं खाद्य, ४५० ग्रॅम कमी चरबीचा शिजवलेला बीफचा खिमा, शंभर ग्रॅम शिजवलेला पास्ता, मूठभर उकडलेलं गाजर किंवा कोबी, आणि वरून खिम्याचंच पाणी. कोरडं खाद्य त्या पाण्यात वीस मिनिटं भिजवून देतो. जेवण एकच मोठं, संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास. सकाळी न्याहारीला ब्राऊन ब्रेडचे दोन तुकडे किंवा गव्हाची बिस्किटं कोमट दुधात, आणि हे मी वरच्या मापातच धरतो. पाणी चोवीस तास.

मांस कच्चं द्यावं असं सांगणारे जुने ट्रेनर भेटतील. मी शिजवतो, दोन कारणांसाठी. एक म्हणजे साल्मोनेला. शर्यतीच्या आठवड्यात जुलाब लागले की दोन-तीन पौंड वजन सहज उतरतं. दुसरं, मेलेल्या जनावरांचं स्वस्त मांस. ज्या घोड्याला औषध देऊन मारलं त्याच्या मांसात ते औषध राहतं, आणि शिजवूनही ते जात नाही. मग तुमच्या कुत्र्याच्या लघवीत ते सापडतं. म्हणून माणसांसाठी विकलं जाणारं मांसच घ्यायचं.

मराठी घरांसाठी इथं खास सूचना. चहात बुडवलेलं बिस्किट, चॉकलेट, खसखस लावलेला पाव, यांतलं काहीही त्याच्या तोंडी जाता कामा नये. चहात कॅफिन असतं, चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन, आणि खसखशीमुळे तपासणीत मॉर्फिन दिसतं. ही तिन्ही बंदी असलेली द्रव्यं. 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणणारे पाहुणे आले की कुत्रा दुसऱ्या खोलीत. कांदा, बेदाणे, द्राक्षं यांचा प्रश्न तपासणीचा नाही, ती सरळ विषारीच. दुखऱ्या मांडीवर आपल्या घरातला वेदनाशामक बामही चोळायचा नाही. त्यातलं सॅलिसिलेट कातडीतून आत जातं आणि तपासणीत निघतं.

वजनाची वही हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं साधन. शर्यतीच्या रात्री ट्रॅकवर वजन होतं, आणि मागच्या वेळेपेक्षा ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक आढळला तर कुत्रा बाहेर काढतात. पण वहीचा खरा उपयोग घरी. रोज एकाच वेळी, सकाळी बाहेर फिरवून आणल्यावर वजन करतो. शर्यतीनंतर एखादा पौंड उतरतो, तो मुख्यतः पाण्याचा. दोन-तीन दिवसांत तो परत आला पाहिजे. नाही आला तर दुखणं कुठंतरी आहे, दिसत नसलं तरी. ताटली भरून खाऊनही वजन घटत असेल तर आधी जंत बघा. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध आणि वेळच्या वेळी लसी यात सूट नाही. १९२९ आणि १९३० ची इंग्लिश डर्बी ही ग्रेहाऊंडची मोठी शर्यत जिंकणारा मिक द मिलर हा आयर्लंडमधल्या ऑफलीचा कुत्रा पिल्लूपणी डिस्टेंपर या जीवघेण्या रोगातून जेमतेम वाचला होता. आज त्याची लस आहे.

डोळ्यांनी तपासायचं तर बाजूनं बघा. शेवटच्या एक-दोन बरगड्या पुसट दिसाव्यात, कमरेवरची हाडं जाणवावीत, पण पाठीचे स्नायू त्यांच्या दोन्ही बाजूंनी भरलेले असावेत. मराठवाड्यात कारवान जातीचा शिकारी कुत्रा बघितलेल्या माणसाला हा सडपातळ बांधा नवा नाही. बाकीच्यांना मात्र कुत्रा उपाशी वाटतो आणि ते माप वाढवतात.

सराव. ग्रेहाऊंडला 'जरा हळू पळ' असं सांगता येत नाही. सोडला की तो जीव खाऊन पळतो. म्हणून सरावात वेग कमी-जास्त करता येत नाही, फक्त अंतर आणि मधली विश्रांती आपल्या हातात असते. शनिवारी शर्यत असेल तर माझा आठवडा असा : रविवारी पंधरा मिनिटं सावकाश चालणं आणि पूर्ण अंग चाचपणं, सोमवारी नुसती विश्रांती, मंगळवारी गवतावर २५० ते ३०० यार्डांची एक सरळ धाव, गुरुवारी जमलं तर तेवढीच किंवा काहीच नाही. बाकीच्या दिवशी दोनदा वीस-तीस मिनिटं चालणं, त्यातलं थोडं कठीण रस्त्यावर, म्हणजे पंजे घट्ट राहतात. साखळी किंवा पट्टा हातात हवाच. सार्वजनिक जागी एका माणसानं चारपेक्षा जास्त ग्रेहाऊंड नेणं कायद्यात बसत नाही. पाच-सहा दिवसांत दोन ट्रायल, म्हणजे ट्रॅकवरच्या सरावाच्या धावा, पळवणारे लोक दिसतात. त्यांचे कुत्रे तिसऱ्या आठवड्यात मंद होतात, आणि मग ते पावडरी विकत आणतात.

नव्या पिल्लाला ट्रॅक शिकवायचा तर तुकड्यातुकड्यानं. आधी मुसकं आणि पट्टा अंगवळणी पाडायचा. मग ट्रॅपची पुढची-मागची दोन्ही दारं उघडी ठेवून त्यातून नुसतं चालत न्यायचं, नंतर मागचं दार बंद, आणि तो शांत उभा राहू लागला की पुढचं. ट्रॅकवर पहिल्यांदा हातानंच सोडायचा, शेवटच्या सरळ पट्ट्यावर, पुढे यांत्रिक ससा, ज्याच्यामागे शर्यतीत कुत्रे धावतात. दुसऱ्या खेपेस एक वळण, मग दोन, आणि चारही वळणं सगळ्यात शेवटी. एकट्यानं नीट वळायला लागल्यावर जोडीला एक थंड डोक्याचा जुना कुत्रा, मग तिघं. घाईनं सहांच्या गर्दीत घातलेलं पिल्लू धक्का खाऊन दोनच गोष्टी शिकतं : मागे राहणं, किंवा पळताना मान वळवून शेजाऱ्याला अडवणं. दुसरी सवय लागली तर पंच त्याला बाद करतात आणि ती सवय जवळजवळ सुटतच नाही. जिवंत ससा दाखवून 'भूक जागवायचा' सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे परत जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि ज्याला धावायची ओढ आहे त्याला चिंधीचा ससाही पुरतो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी फक्त हलकी न्याहारी, मुख्य जेवण आदल्या संध्याकाळचं. डब्लिनचं शेलबोर्न पार्क असो की कॉर्कचं कराहीन पार्क, पद्धत तीच : ओळख पटवणं, वजन, मग कुत्रा तिथल्या केनेलमध्ये. अंगावर ट्रॅपप्रमाणे जॅकेट चढतं. एक लाल, दोन निळं, तीन पांढरं, चार काळं, पाच नारिंगी, सहा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. लघवीचा नमुना घ्यायला लांब दांड्याचं भांडं घेतलेला माणूस कुत्र्यामागे फिरतो, त्याला घाई करू नका. बिचकलेला कुत्रा तासभर पाय वर करत नाही.

पळून आल्यावर दहा मिनिटं चालवा, पाणी थोडं थोडं द्या, डोळे आणि बोटांच्या बेचक्या पाण्यानं धुऊन वाळू काढा. बेचकीतली पातळ कातडी कडेला चिरली असेल तर त्याच रात्री कळली पाहिजे. आठवड्यानं ती इंचभर फाटते. नखं एवढीच ठेवायची की उभा असताना जमिनीला टेकणार नाहीत. दुसऱ्या सकाळी मागच्या मांडीची आतली बाजू दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबून बघा. तिथला लांब स्नायू फाटणं ही नेहमीची दुखापत. एका बाजूला ऊब, फुगवटा किंवा खड्डा लागला, कुत्र्यानं मान वळवून हाताकडे बघितलं, तर बर्फ आणि पशुवैद्य. शर्यती डावीकडं वळत जातात म्हणून सगळा भार उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर येतो, आणि तिथलं मधलं छोटं हाड मोडतं. वळणावर किंचाळून थांबलेल्या कुत्र्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या. लघवी कॉफीसारखी काळसर आली तर सकाळची वाट बघायची नाही. स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकत असतात आणि तासातासाला फरक पडतो.

पशुवैद्य ग्रेहाऊंड जाणणाराच हवा. या जातीत रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ५५ ते ६५ टक्के असतं, इतर कुत्र्यांत तेवढं म्हणजे अंगातलं पाणी कमी झाल्याची खूण, आणि ही जात न जाणणारा पशुवैद्य इथंही तोच निष्कर्ष काढेल. थायरॉईडचा आकडा मुळातच कमी असतो, त्यावर गोळ्या सुरू करणारे भेटतात. थायोपेंटोनसारख्या भुलीतून हे कुत्रे फार उशिरा बाहेर येतात, म्हणून दात साफ करायला नेतानाही कोणती भूल देणार हे विचारून घ्या.

मादी असेल तर माजाची तारीख वहीत लाल शाईनं. माज संपल्यावर आठ-दहा आठवड्यांनी बऱ्याच माद्यांना खोटी गाभण होते : दूध येतं, अंग जड होतं, वेळ घसरते. त्या काळात ग्रेड उतरली म्हणून विकू नका. माजानंतर सोळाव्या आठवड्याच्या आसपास हीच मादी सगळ्यात वेगवान असते, असं इथले ट्रेनर मानतात, आणि माझी वहीही तेच सांगते.

चौथ्या-पाचव्या वर्षी पळणं संपतं, आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचं. घरी ठेवणार असाल किंवा आयरिश रिटायर्ड ग्रेहाऊंड ट्रस्टमार्फत घर शोधणार असाल, तयारी तीच. खाण्याचं माप आठवडाभरात हळूहळू उतरवून तीन-चतुर्थांशावर आणा. जिना त्यानं आयुष्यात बघितलेला नसतो, एकेका पायरीवर एकेक पंजा हातानं ठेवून शिकवावा लागतो. काचेच्या दाराला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदाची पट्टी चिकटवा. मांजर असलेल्या घरात पहिले काही आठवडे मुसकं आणि पट्टा दोन्ही, घरातसुद्धा.