तुम्ही विचारलंत म्हणून: गव्हाशिवाय नाताळचा केक उभा राहतो कशावर?

डिसेंबर लागला की हा प्रश्न मला हटकून येतो. चर्चच्या पायऱ्यांवर येतो, एसटीत येतो, आर्वीच्या बाजारात भाजी निवडताना येतो. "तुमच्या घरचा केक ज्वारीचा असतो म्हणे. मैदा नाही, कणिक नाही, मग तो उभा राहतो कशावर?" शेजारच्या काकू तर तोंडावरच म्हणतात, "काहून वो बाई, जवारीचा केक म्हंजे गोड भाकरच म्हना ना मंग!"

म्हणा. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आधी हे सगळं कशासाठी, ते सांगते. माझ्या धाकट्या लेकीला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय (थंड देशांतलं गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या आतल्या अंगाला बारीक लव असते, खाल्लेलं अन्न तिच्यातून शोषलं जातं. ती लव झडून सपाट होते. मग पोर कितीही खाऊ दे, अंगी लागत नाही. पोट फुगतं, रक्त कमी होतं, उंची थांबते. यावर गोळी नाही. जन्मभर ही तिन्ही धान्यं बंद, एवढाच इलाज.

आमच्याकडे लोकांना हे पटवणं फार कठीण. "एका पोळीनं काय होते?" असं म्हणणारी माणसं प्रेमानंच म्हणतात, पण होतं. बाजारात ज्याला ग्लूटेन-फ्री म्हणून विकायची परवानगी आहे, त्यात ग्लूटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम. यावरून पोळीच्या एका घासाचा हिशोब तुम्हीच करा. आणि कुणाला आपल्या लेकराबद्दल शंका असेल तर परस्पर पोळी बंद करू नका. रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. आधी डॉक्टर, मग भाकर.

गव्हाचा हा गुन्हा उघडकीला आला तोही एका हिवाळ्यात. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि त्याची ही आजारी मुलं त्या हलाखीत उलट सुधारली. ब्रेड परत आला तशी पुन्हा खंगली. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. त्याच्याआधी या मुलांना काय काय पथ्यं सांगत, कुणी नुसती केळी खाऊ घालत. असो.

आता केक. ग्लूटेन करतं काय, हे कणिक मळणाऱ्या हाताला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. कणिक ताणली तर ताणते, पोळी टम्म फुगते आणि फाटत नाही, ते त्याच्याच जाळ्यामुळे. ब्रेडला हे जाळं लागतंच. केकला? केकची कुठलीही कृती काढून बघा, मैदा घातल्यावर फार फेटू नका, हे वाक्य तिच्यात असतंच. कारण फार फेटलं तर ग्लूटेनचं जाळं तयार होतं आणि केक चिवट होतो. म्हणजे ज्याच्यावाचून केक होणारच नाही असं आपण धरून चालतो, त्याला केक करणारे स्वतःच दाबून ठेवतात. हलक्या स्पंजच्या केकला तरी त्याचा थोडाफार आधार असतो. फळांचा केक मुळातच जड. त्यात पिठाच्या दुप्पट मेवा, आणि तो मेवा धरून ठेवतात अंडी आणि पिठातला शिजलेला स्टार्च. सगळ्या केकांत गहू नसल्याचं ज्याला सगळ्यांत कमी जाणवतं, तो हा केक. लेकीसाठी कुठला केक करायचा हा प्रश्न म्हणून आमच्या घरी फार रेंगाळला नाही.

आणि ज्वारीचं पीठ कसं वागतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. भाकरीला आधणाचं पाणी का घालतो आपण? गार पाण्यात पीठ एकजीव होत नाही, थापताना कडा चिरतात. गरम पाण्यानं त्यातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि पीठ धरून राहतं. मी केकला तेच करते. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी संत्र्याच्या रसात कालवून मंद आचेवर ढवळते, दाट खळ होईपर्यंत. ती गार करून अंडी-साखरेत घालते. शहरातून येणाऱ्या बायका यासाठी झँथन गमची, म्हणजे पीठ धरून ठेवणाऱ्या विकतच्या भुकटीची, पुडी आणतात. वाईट नाही, पण माझ्या घरात खळ आहे आणि जवस आहे. जवस भिजला की बुळबुळीत होतो, तीच त्याची करामत. विदर्भात जवसाच्या चटणीशिवाय जेवण न जाणारी माणसं आहेत, त्यांच्या फडताळात झँथन गम हवाच कशाला?

खरी डोकेदुखी पीठ निवडण्याची नाही, दळण्याची आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण गिरणीत आहे. गावाच्या गिरणीत आधीच्या बाईचा गहू दळून होतो आणि त्याच पाळ्यांवर तुमची ज्वारी पडते. तुमच्या डब्यात पहिल्यांदा येतं ते तिचंच पीठ. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. लेकीचं रोजचं दळण आम्ही घरघंटीवर काढतो आणि त्या घरघंटीला गहू लावत नाही. नाताळचं पीठ मात्र सासूबाईंच्या जात्यावर. त्या जात्यावर पूर्वी गहू दळलेला होताच, म्हणून आधी ते टाकवून घेतलं. पाथरवटानं छिन्नीनं दोन्ही तळ्या नव्यानं खाचल्या, जुना थर निघून गेला. टाकवल्यावर पहिल्या दळणात दगडाची कच येते, ते कोंबड्यांना घातलं. आता जात्याचा खुंटा धरून बसलं की हाताला खरखर लागते आणि मूठभर ज्वारी घातली की आवाज लगेच बदलतो, खडखड जाऊन घरघर येते. पीठ जाडसरच पडतं. ते जुन्या धुतलेल्या सुती पातळाच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करते. फडक्याखाली जे पडतं ते बोटांत धरलं तर असल्याचं कळत नाही. वर राहिलेल्या कण्या संध्याकाळी ताकात शिजतात.

चाळणीही वेगळी. तिच्या कडेला लाल दोरा बांधलाय, म्हणजे पाहुण्या बायका मदतीला आल्या तरी चुकून मैद्याची चाळणी उचलत नाहीत. भांड्याला तूप लावून वर मैदा भुरभुरायची सवय असेल तर तिथे तांदळाची पिठी. बेकिंग पावडरच्या डब्यावरचा मजकूर वाचायचा, काहींत गव्हाचं पीठ असतं. "मल्टिग्रेन" लिहिलेल्या पिठात तर बहुतेक वेळा गहूच जास्त. आणि केकचा संबंध नाही, पण सांगून ठेवते: बाजारातला बांधणीचा हिंग. तो कशात बांधलेला आहे ते बघा, पुष्कळदा कणकेत असतो. फोडणी करणारीच्या डोक्यातही येत नाही.

रमचं विचारणारेही असतात. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा तो विषय इथेच मिटतो. (कुठे काय मिळतं ते मलाही माहीत आहे. केकसाठी तेवढी यातायात नको.) शिवाय डिसेंबरात आंबिया बहाराचा संत्रा उतरलेला असतो. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात बागा आहेत, पलीकडे वरुड-मोर्शी आहेच. संत्र्यानं मेवा जसा भिजतो तसा रमनं भिजत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एक समजून घ्या, रम मेवा टिकवते, रस टिकवत नाही. आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरली तरी दुपारी ऊन चढतं, आणि बाहेर ठेवलेला रस आंबतो. म्हणून मनुका, बेदाणे, चिरलेला खजूर आणि आवळ्याची कँडी रसात एक उकळी देऊन भिजवायची, गार झाली की झाकून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस पुरे. चारोळी आणि गोडंबी भिजवायची नाही, ती शेवटी. टुटी-फ्रुटी म्हणजे पाकातली कच्ची पपई, लेकरांना आवडते म्हणून मूठभर.

साली मात्र घरच्याच. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, सोलायला एक क्षण लागत नाही. आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडायचा. साली आधी मिठाच्या कोमट पाण्यात चोळून धुवा, बागेत फवारण्या झालेल्या असतात. मग पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकायचं. पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा फेकायचं. कडूपणा असा जातो. थोडा राहू द्यावा, सगळा घालवला तर नुसती साखर चघळल्यासारखं होतं. नंतर बारीक चिरून साखर आणि पाणी सारखं घेऊन त्या पाकात मंद आचेवर. साल काचेसारखी आरपार दिसायला लागली की उतरवा. ताटात पसरून पंख्याखाली वाळवा आणि उरलेला पाक मेव्यात ओता. त्या दिवशी घराला जो वास येतो, त्याच्यामुळे गल्लीतली पोट्टी कारण नसताना अंगणात येऊन उभी राहतात.

माप ग्रॅममध्ये घ्या. वाटी गावागणिक बदलते आणि केक ते विसरत नाही. खळीतलं धरून ज्वारीचं वस्त्रगाळ पीठ १५० ग्रॅम, तांदळाची पिठी ५०, जवसाची पूड एक मोठा चमचा, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, चिमूटभर मीठ. लोणी १५०, साखर १५०, अंडी तीन, मेवा ४०० ग्रॅम. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ आपल्या अंदाजानं. रंगासाठी तीन चमचे साखर कोरड्या कढईत जाळायची. आधी सोनेरी होते, मग तांबूस, मग धूर निघायच्या बेतात गर्द तपकिरी. तिथेच गॅस बंद करून कडेकडेनं गरम पाणी सोडा आणि तोंड लांब ठेवा, फार जोरात उडतं.

लोणी-साखर फेटून अंडी एकेक करून, मग खळ, मग जळक्या साखरेचं पाणी, मग पिठं. इथे ज्वारीचा एक फायदा पदरात पाडून घ्या: हवं तितकं ढवळा, चिवट व्हायला त्यात काही नाहीच. मिश्रण मैद्याच्या केकपेक्षा दाट हवं. पातळ झालं तर मेवा तळाशी बसतो. मेवा निथळून, चमचाभर पिठात घोळवून घाला आणि सगळं अर्धा तास झाकून ठेवा. हा अर्धा तास टाळू नका. ज्वारी पाणी सावकाश पिते. घाईनं भाजलेला केक दाताखाली कचकचतो आणि मग लोक म्हणतात, बघा, ज्वारीचा केक असाच.

ओव्हन माझ्याकडे आहे, पण गावात लाईन कधी जाईल याचा नेम नाही, आणि निम्मा भाजलेला केक थांबून राहत नाही. म्हणून मी जाड बुडाच्या ॲल्युमिनियमच्या गंजात रेती घालते, वर स्टँड, झाकण, आणि दहा मिनिटं तापू देते. त्यात केकचं भांडं, बारीक आच, सव्वा ते दीड तास. ओव्हन असेल तर १५० अंशांवर साधारण तेवढाच वेळ. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं.

आणि कापू नका. खरंच कापू नका. गरम असताना हा केक भुगा होतो, गार झाल्यावर धरतो. बटर पेपरात गुंडाळून दोन रात्री ठेवला की मेव्यातला ओलावा पिठात उतरतो आणि फोड सुबक निघते. त्यात दारू नाही, तेव्हा महिनोन् महिने मुरवायचा केक हा नव्हे. फ्रिजमध्ये आठवडाभर नीट राहतो.

यानं वजन कमी होतं का, असंही हल्ली विचारतात. नाही होत. लोणी आणि साखर तेवढीच आहे. ज्याला गहू पचतो त्यानं पोळी खावी, माझी काही हरकत नाही. ज्वारी खावी तीही पोळीच्या रागानं नव्हे. आमच्या आजीच्या वेळी रोजची भाकर होती आणि पोळी सणाची. आता रेशनवर गहू येतो, शेतात कपाशी आणि सोयाबीन, आणि ज्वारी पेरावी तर पाखरं आणि रानडुकरं कापणीची वाट बघत नाहीत. केकपुरती ज्वारी मला दिराच्या धुऱ्यावरून मिळते.

नाताळाचं बाकीचं ताट म्हणाल, तर करंज्या आणि शंकरपाळे आमच्या घरून गेले. अनारसे राहिले, ते तांदळाचेच. बेसनाचे लाडू राहिले, चिवडा राहिला. लेकीला ताटात काही कमी दिसत नाही.

शेवटचा प्रश्न माळकरी मंडळींचा, अंड्याशिवाय होईल का? होतो. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, अशी तीन अंड्यांची, आणि वरून अर्धी वाटी दही. बेकिंग पावडरबरोबर चिमूटभर सोडा घाला, दह्याच्या आणि संत्र्याच्या आंबटपणानं तो उठतो. मोठ्या भांड्यात मात्र करू नका, मधोमध खचतो. लहान वाट्यांत भाजा, पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात.