साधा राजीनामा

"याला साधा राजीनामा का देता येत नाही रे?" काल 'अ कंपनी मॅन' बघताना आई मध्येच म्हणाली. ते अजून डोक्यातून जात नाहीये.

2012 चा कोरियन सिनेमा. नायक (नट सो जी-सब) सुपारी घेऊन माणसं मारतो, पण नोकरी म्हणून. सूट-टाय घालून ऑफिसात जातो. बाहेरून कंपनी धातूच्या व्यापाराची. आत टेबलं, साहेब, बढती, सगळं रीतसर. गोळीबारापेक्षा ते नीटनेटकं ऑफिसच माझ्या अंगावर आलं.

दक्षिण कोरियात 2018 पर्यंत आठवड्याला 68 तास काम कायद्यात बसायचं, मग मर्यादा 52 वर आली. तिथल्या नोकरदारांना हा मारेकरी ओळखीचा वाटला असणार.

पण त्याने नोकरी सोडायची म्हटली की कंपनी त्याच्याच मागे लागते. सोडून जाणारा लगेच गद्दार कसा ठरतो? पगार तर केलेल्या कामाचाच घेतला होता ना?